स्प्रिंगच्या साहाय्याने उघडणारे घडीचे चाकू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात माझे धार लावण्याचे आणि अवजारे दुरुस्त करण्याचे दुकान आहे. रावेर-यावलचे केळी बागायतदार, चोपडा-अमळनेरकडचे कापूस उत्पादक आणि शहाद्याहून पपईच्या गाडीबरोबर येणारे व्यापारी पूर्वी माझ्याकडे विळे, कोयते आणि कात्र्या आणत असत. आता त्याच पिशवीतून घडीचे चाकूही निघतात आणि त्यांतले पुष्कळसे स्प्रिंगच्या मदतीने उघडणारे असतात. या चाकूंविषयी तेच ते प्रश्न मला इतक्या वेळा विचारले जातात की त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवावीत असे वाटले. बहुतेकांचा प्रश्न उघडण्याच्या वेगाविषयी असतो; उत्तरांत मात्र मी लॉक (उघडलेले पाते बोटांवर मिटू न देणारी अडण) आणि सांधा यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळलो आहे, कारण दुरुस्तीला आलेल्या चाकूंचे दुखणे बहुतेक वेळा तिथेच सापडते.

प्रश्न : साहाय्यक स्प्रिंगचा चाकू म्हणजे नेमके काय? तो खटक्याच्या चाकूपेक्षा वेगळा कसा?

साध्या घडीच्या चाकूत पाते उघडण्याचे सगळे काम हात करतो. खटक्याच्या चाकूत मुठीवरचे बटण दाबले की पाते आपोआप बाहेर येते, कारण तिथे स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते आणि केवळ एक छोटी अडणी त्याला रोखून धरते. साहाय्यक स्प्रिंगचा चाकू या दोहोंच्या मधला आहे. त्यात बंद अवस्थेत स्प्रिंग पात्याला उलट आतच दाबून धरते. आपण अंगठ्याने किंवा बोटाने पात्यालाच थोडे बाहेर ढकलले आणि ते एका ठरावीक बिंदूच्या पुढे गेले, की त्याच स्प्रिंगचा जोर उलटतो आणि उरलेले अंतर पाते स्वतः पार करते.

हे समजायला मोटारसायकलचा साइड स्टँड डोळ्यांसमोर आणावा. त्याला एकच स्प्रिंग असते, पण स्टँड वर असताना ती त्याला वर धरते आणि पायाने अर्ध्याच्या पुढे ढकलल्यावर तीच त्याला खाली ओढते. चाकूत हेच तत्त्व बोटभर जागेत बसवलेले असते. बटण मुठीवर आहे की जोर पात्यावरच द्यावा लागतो, हा फरक वरवर किरकोळ वाटला तरी रचनेच्या दृष्टीने आणि अमेरिकेतल्या कायद्याच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे.

प्रश्न : ही रचना कोणी आणि कशासाठी काढली?

अमेरिकेत १९५८ साली खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर संघराज्याच्या कायद्याने बंधन आले. एका हाताने झटकन उघडणारा, पण बटण नसलेला चाकू बनवण्याचे प्रयत्न त्यानंतर होत राहिले. १९९० च्या दशकात ब्लॅकी कॉलिन्स आणि केन ओनियन या दोन अमेरिकी चाकू-रचनाकारांनी साहाय्यक स्प्रिंगच्या रचना पुढे आणल्या. ओनियन यांची ‘स्पीडसेफ’ ही रचना करशॉ कंपनीने बाजारात आणली आणि ती सर्वांत जास्त पसरली. पुढे २००९ मध्ये अमेरिकी कायद्यात दुरुस्ती होऊन, ज्या चाकूत पाते बंद राहण्याकडे ओढ असते आणि ती मोडण्यासाठी पात्यावर हाताने जोर द्यावा लागतो, असे चाकू खटक्याच्या चाकूंच्या व्याख्येतून वगळण्यात आले. स्प्रिंगने पाते आत दाबून धरणे ही केवळ सुरक्षिततेची सोय नाही, तर या प्रकाराची कायदेशीर ओळखच आहे, हे त्यावरून लक्षात येईल. भारतातली स्थिती वेगळी आहे. ती पुढे सांगितली आहे.

प्रश्न : आतल्या स्प्रिंगचे प्रकार कोणते, आणि त्यांत अधिक टिकाऊ कोणती?

दोन प्रकार मुख्यतः दिसतात. पहिल्यात मुठीच्या आत एक बारीक, वाकवलेली पोलादी सळई असते, जिचे एक टोक मुठीच्या पत्र्यात अडकवलेले आणि दुसरे पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत फिरणारे असते. करशॉच्या ‘लीक’सारख्या चाकूंत हीच सळई आहे. ती उघडून बघितली तर सायकलच्या स्पोकच्या तुकड्यासारखी दिसते, आणि बदलायलाही तितकीच साधी असते. दुसऱ्या प्रकारात वेटोळ्याची स्प्रिंग असते, जी सांध्याभोवती किंवा त्याच्या जवळ बसवलेली असते. एसओजी कंपनीच्या साहाय्यक चाकूंत वेटोळ्याच्या स्प्रिंगा वापरल्या जातात आणि त्यांचा धक्का अधिक जोरकस लागतो.

माझे मत सळईच्या बाजूने आहे. वेटोळ्यात धूळ आणि चीक अडकून बसतो आणि तो काढण्यासाठी चाकू पूर्ण उघडावा लागतो. सळई मात्र उघड्या खाचेत असल्याने ब्रशने आणि पाण्याने साफ होते. तथापि सळई हा अधिक वाकणारा भाग असल्यामुळे ती कधीतरी तुटते, हेही खरे आहे.

प्रश्न : स्प्रिंग तुटली तर चाकू निकामी होतो का?

होत नाही. सळई तुटली तरी पाते हाताने उघडता येते आणि लॉकही पूर्वीसारखाच लागतो, कारण लॉकचा स्प्रिंगशी संबंध नसतो. धोका वेगळाच आहे. पात्याला आत दाबून धरणारी ओढ नाहीशी झाल्यामुळे अशा चाकूचे पाते खिशात सैल पडते आणि थोडे उघडे राहू शकते. म्हणून स्प्रिंग तुटलेला चाकू दुरुस्त होईपर्यंत खिशात बाळगू नये.

प्रश्न : अंगठ्याची गुंडी चांगली की मागचा फ्लिपर?

पात्याच्या बाजूला असलेली छोटी गुंडी अंगठ्याने ढकलून उघडता येते. फ्लिपर म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेला, मुठीच्या पाठीवर डोकावणारा कान, जो तर्जनीने मागे ओढायचा असतो. शेतात काम करणाऱ्याला मी फ्लिपर सुचवतो, आणि त्याची दोन कारणे आहेत. उघडताना अंगठा पात्याच्या वाटेत येत नाही, आणि पाते उघडल्यावर तोच कान खाली येऊन धार आणि तर्जनी यांच्यामध्ये आडवा उभा राहतो, त्यामुळे ओला हात पुढे सरकून धारेवर जात नाही. केळीच्या चिकाने किंवा पपईच्या दुधाने मूठ बुळबुळीत झाली असेल तेव्हा या कानाची किंमत कळते.

प्रश्न : जो चाकू जास्त जोरात, खाडकन उघडतो तो जास्त चांगला असतो का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक तरुण आपल्या चाकूची परीक्षा तो तीन-चार वेळा खाडकन उघडूनच करतो. उघडण्याचा जोर फक्त स्प्रिंग किती ताठ आहे एवढेच सांगतो, आणि ताठ स्प्रिंग ही चाकूतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. निकृष्ट चाकू बनवणारे नेमकी हीच युक्ती वापरतात. सांधा खडबडीत असला, पाते वाकडे बसले असले, तरी जाड स्प्रिंग घातली की ते सगळे दोष आवाजाखाली झाकले जातात.

शिवाय प्रत्येक वेळी पाते जोरात येऊन त्याला थांबवणाऱ्या खिळ्यावर आदळते. तो खिळा बारीक आणि मऊ पोलादाचा असेल, तर काही महिन्यांत त्यावर खड्डा पडतो, पाते आपल्या जागेपासून केसभर पुढे जाते, आणि पात्याच्या बुडामागे उभी राहणारी लॉकची पट्टी ती भरपाई करण्यासाठी अधिकाधिक आत सरकत राहते. शेवटी पट्टी दुसऱ्या बाजूच्या पत्र्याला टेकते, आणि मग पाते उघड्या अवस्थेत वर-खाली हलू लागते. दुरुस्तीला आलेल्या चाकूंपैकी हा दोष मला सर्वाधिक दिसतो, आणि तो बहुतेक वेळा ज्यांना आपल्या चाकूच्या खडखडाटाचा अभिमान होता त्यांच्याच चाकूत असतो.

चांगल्या चाकूची खूण वेगळी आहे. स्प्रिंग काढून टाकली तरी त्याचे पाते दोन्ही बाजूंना न घासता, सारख्याच हलकेपणाने फिरते. आज सांध्यात बारीक छर्‍यांचे बेअरिंग असलेले, स्प्रिंग नसलेले फ्लिपर चाकूही तितक्याच वेगाने उघडतात, त्यामुळे केवळ वेगासाठी साहाय्यक स्प्रिंग घेण्याचे कारण पूर्वीइतके राहिलेले नाही.

प्रश्न : मग गुणवत्तेत सर्वांत महत्त्वाचे काय? लॉक कोणता असावा?

चाकू उघडल्यावर पाते बोटांवर मिटू न देणे हे लॉकचे काम आहे. साहाय्यक चाकूंत तीन लॉक प्रामुख्याने आढळतात.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतल्या पातळ पत्र्याची एक पट्टी कापून वाकवलेली असते. पाते उघडले की ती आत सरकून त्याच्या बुडामागे उभी राहते. हा आधुनिक रूपात अमेरिकी कारागीर मायकल वॉकर यांनी १९८० च्या दशकात घडवला आणि आज सर्वांत जास्त तोच दिसतो. फ्रेम लॉकमध्ये हीच कल्पना असते, मात्र पट्टी वेगळ्या पत्र्याची नसून धातूच्या मुठीचाच एक भाग असतो, त्यामुळे ती जाड असते आणि मूठ आवळताना हाताचा दाबही तिला जागेवर ठेवतो. करशॉ ‘लीक’मध्ये हा लॉक आहे. तिसरा प्रकार आडव्या दांडीचा. बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या अ‍ॅक्सिस लॉकमध्ये एक पोलादी दांडी मुठीच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून सरकून पात्याच्या बुडावर बसते आणि ते बूड दांडी व थांब्याचा खिळा यांच्यामध्ये पाचरीसारखे घट्ट आवळले जाते. हा बंद करताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही, आणि डावखुऱ्यालाही तो तितकाच सोयीचा आहे. त्याच्याच साहाय्यक आवृत्तीत मुठीच्या पाठीवर एक सुरक्षेची कळही असते.

माझ्या अनुभवाने लॉकचा प्रकार दुय्यम आहे आणि त्याची घडण मुख्य आहे. नीट बसलेला साधा लायनर लॉक हा वाईट बसलेल्या फ्रेम लॉकपेक्षा शतपटीने बरा. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक चाकू घेतला होता, ज्यावर मोठ्या कंपनीचे नाव कोरलेले होते. पहिल्याच आठवड्यात ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कापताना मी टोक रुतवले आणि मूठ थोडी पिळली, तेव्हा लॉकची पट्टी बाहेरच्या बाजूला निसटली आणि पाते तर्जनीवर मिटले. तीन टाके पडले. नंतर पट्टी भिंगाखाली पाहिली तेव्हा ती पात्याच्या बुडाला जेमतेम एका कोपऱ्यावर टेकत होती आणि तो कोपराही गोल झालेला होता. चाकू नकली होता हे उघड होते, पण तो नकली आहे हे मला नावावरून नव्हे, लॉकवरून कळायला हवे होते.

प्रश्न : नवा चाकू हातात आल्यावर कसा तपासावा?

प्रथम चाकू बंद असताना पाते वरून पाहावे. ते दोन्ही पत्र्यांच्या अगदी मधोमध असावे. एका बाजूला घासत असेल तर सांधा वाकडा आहे किंवा वॉशर असमान आहेत. मग चाकू हळूहळू, अंगठ्याने पाते धरून उघडावा, स्प्रिंगला ओढू न देता. उघडताना कुठे खरखर लागत असेल तर ती आतल्या धुळीमुळे किंवा खडबडीत पोलादामुळे असते. धुतल्यावर गेली तर ठीक, नाहीतर चाकू परत करावा.

पाते पूर्ण उघडल्यावर टोक चिमटीत धरून आधी डावी-उजवीकडे आणि मग वर-खाली हलवून पाहावे. डावी-उजवीकडची थोडी हालचाल सांध्याचा स्क्रू आवळून घालवता येते. वर-खालीची हालचाल मात्र लॉकची असते आणि ती घालवता येत नाही, त्यामुळे असा चाकू कितीही देखणा असला तरी घेऊ नये. लॉकची पट्टी पात्याच्या बुडाच्या रुंदीत पाव ते अर्ध्यापर्यंत आत आलेली असावी. त्याहून कमी असेल तर ती निसटते, त्याहून बरीच जास्त असेल तर झीज सोसायला पुढे जागाच उरत नाही.

त्यानंतर लॉक लागलेला असताना पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर ठेवून स्थिर, वाढत जाणारा दाब द्यावा. बोटे अर्थातच वाटेत ठेवू नयेत. पाठ टेबलावर आपटून पाहण्याची पद्धत काही जण सांगतात, पण आपटल्याने चांगला लॉकही बिघडू शकतो, आणि त्यातून काही कळतही नाही. शेवटी चाकू बंद करून टोक वर करून जोरात हलवावा. स्प्रिंगची ओढ पुरेशी असेल तर पाते जागचे हलणार नाही. उघडू पाहत असेल तर तो खिशासाठी नाही.

प्रश्न : पोलाद कोणते घ्यावे?

आमच्याकडचा लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा जे करतो, तेच कारखान्यात अंशाअंशाने मोजून केले जाते. पोलाद तापवून झटकन थंड केले की ते कडक होते, आणि पुन्हा हलके तापवले की त्याचा ठिसूळपणा कमी होतो. पाणी नीट दिलेले नसेल तर महागडे पोलादही वाया जाते. म्हणून चाकूवर छापलेले नाव वाचून लगेच हुरळून जाऊ नये.

स्वस्त साहाय्यक चाकूंत सामान्यतः ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद असते. त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम असते; धार लवकर जाते, पण निसण्यावर चार हात मारले की परतही येते. त्यापेक्षा १४सी२८एन हे स्वीडिश पोलाद मला आपल्या भागासाठी फार आवडते. त्यात कार्बन सुमारे ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि थोडा नायट्रोजन आहे. ते गंजाला दाद देत नाही, त्यावर बारीक धार येते आणि घरच्या दगडावर ती पुन्हा लावता येते. करशॉ ‘लीक’चे पाते याच पोलादाचे असते.

डी२ या पोलादाविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते, कारण ते मध्यम किमतीच्या चाकूंत भरपूर वापरले जाते आणि जाहिरातीत त्याच्या १२ टक्के क्रोमियमचा उल्लेख असतो. त्यातला कार्बन सुमारे दीड टक्का असल्यामुळे बरेचसे क्रोमियम कार्बनाशी बांधले जाऊन कठीण कणांत अडकते आणि गंज रोखायला मोकळे उरत नाही. त्याची धार दीर्घकाळ टिकते हे खरे, पण केळीचा चीक लागलेले डी२चे पाते न धुता रात्रभर ठेवले तर सकाळी त्यावर तपकिरी-काळे डाग दिसतात. एस३०व्ही सारखी महागडी पोलादे या दोन्ही बाबतींत सरस आहेत. त्यात ४ टक्के व्हॅनेडियम असल्यामुळे ते झिजत नाही, आणि त्याच कारणाने साध्या दगडावर त्याला धार लावणे कष्टाचे होते. हिऱ्याची पट्टी लागते. रोज धार लावायची सवय असलेल्या माणसाला मी एस३०व्ही सुचवत नाही.

प्रश्न : केळीच्या चिकाने आणि काळ्या मातीने चाकू अडकतो. काय करावे?

खान्देशात साहाय्यक स्प्रिंगच्या चाकूचा खरा शत्रू हाच आहे. चीक ताजा असताना पाण्यासारखा पातळ असतो, म्हणून तो सांध्यात सहज शिरतो, आणि वाळल्यावर डिंकासारखा होतो. त्यात काळ्या मातीची धूळ किंवा कापसाचे तंतू मिसळले की आत जणू लापशी होते. स्प्रिंगमध्ये पाते पूर्ण नेण्याइतका जोर उरत नाही. ते तीन-चतुर्थांश उघडून थांबते, लॉक लागत नाही, आणि वापरणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून बागेत काम करताना दर वेळी लॉक लागल्याचा आवाज ऐकण्याची आणि पट्टी डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

सफाई अवघड नाही. त्याच दिवशी चाकू उघडा ठेवून कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण वापरून जुन्या टूथब्रशने सांध्यापाशी घासावा, पाणी वाहते ठेवून पाते दहा-बारा वेळा उघड-मीट करावे, आणि झटकून उन्हात वाळू द्यावे. जुना वाळलेला चीक साबणाने जात नाही; त्याला थोडे रॉकेल किंवा थिनर लागते, मात्र प्लास्टिकच्या मुठीला थिनर लावू नये. चाकू पूर्ण खोलण्याची वेळ क्वचितच येते. तशी आली तर टी६ आणि टी८ आकाराचे टॉर्क्स पाने लागतात, आणि स्प्रिंग सुटताना उडते, म्हणून कापडाच्या आत धरून खोलावे. नंदुरबारच्या मिरची बाजारात काम करणाऱ्यांनी पोत्याची सुतळी कापल्यावर चाकू धुतल्याशिवाय त्याने फळ कापू नये, हेही सांगून ठेवतो.

प्रश्न : तेल कोणते घालावे? खोबरेल चालते का?

खोबरेल घालू नये. ते सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते, आणि जळगाव-धुळ्याच्या हिवाळ्यात सकाळी तापमान त्याहून कितीतरी खाली असते, त्यामुळे डिसेंबरात चाकू उघडेनासा होतो. शेंगदाणा किंवा सरकीचे तेल तर काही आठवड्यांत हवेने चिकट होते. शिलाई मशीनचे पातळ तेल सांध्यात एक थेंब आणि लॉकच्या पट्टीपाशी अगदी ओलसर हात, एवढे पुरते. लॉक जिथे पात्याला टेकतो त्या पृष्ठभागावर मात्र तेल नसावे, कारण तिथे घर्षणच हवे असते.

प्रश्न : एप्रिल-मेच्या ४५ अंशांच्या उन्हात स्प्रिंग ढिली पडते का?

पडत नाही. स्प्रिंगचे पोलाद शेकडो अंशांवर तापवून घडवलेले असते. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवल्याने स्वस्त प्लास्टिकची मूठ वाकू शकते आणि आतले ग्रीस वितळून धारेकडे येऊ शकते, एवढेच.

प्रश्न : धार कोठे लावावी?

जिथे पाण्याच्या दगडावर किंवा पाणी सोडत फिरणाऱ्या चाकावर धार लावतात तिथे. कोरड्या सहाणचाकावर ठिणग्या उडवत लावलेली धार त्या दिवशी तिखट वाटते, पण पात्याची कड निळसर झाली असेल तर समजावे की ती सुमारे ३०० अंशांपर्यंत तापली आणि तिथले पाणी उतरले. मग ती धार दोन दिवसांत वळते. घरी दर बाजूला सुमारे २० अंशांचा कोन धरून १००० नंबरच्या दगडावर धार लावावी, आणि साहाय्यक चाकू दगडावर घासताना लॉक लागलेला असल्याची दर वेळी खात्री करावी.

प्रश्न : शेतीकामाला हा चाकू खरोखर उपयोगी आहे का?

ठरावीक कामांसाठी आहे. ठिबकच्या नळ्या कापणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे, वेलींची बांधणी सोडणे, एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने सुतळी कापणे, अशा वेळी एका हाताने उघडणारा चाकू वेळ वाचवतो. घड उतरवणे, पिले काढणे, फण्या वेगळ्या करणे ही कामे विळ्याची आणि कोयत्याचीच आहेत; घडीच्या चाकूचा सांधा त्या झटक्यांसाठी बनवलेला नसतो. हिवाळ्यात शेतावर भरिताचा बेत ठरला की पऱ्हाटीवर भाजण्याआधी वांग्याला चीर द्यायला आणि कांद्याची पात चिरायला मात्र खिशातला चाकूच सर्वांत आधी निघतो.

ज्यांना इतक्या सगळ्या देखभालीचा कंटाळा असेल त्यांनी स्प्रिंग नसलेला चाकू घ्यावा. फ्रान्समध्ये १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून एक फिरणारी कडी लॉक म्हणून लावलेली आहे, आणि त्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. त्याची लाकडी मूठ बागेतल्या ओलाव्याने फुगते आणि पाते अडकते हा त्याचा एकमेव दोष मला जाणवला. मूठ वाळली की तो जातो.

प्रश्न : असा चाकू जवळ बाळगणे कायदेशीर आहे का?

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यांतून वगळलेली आहेत. खिशातले साहाय्यक चाकू साधारणतः ३ ते ४ इंचांचे असल्यामुळे त्या मापात येत नाहीत. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. सण, यात्रा आणि निवडणुकांच्या काळात आपल्या जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, आणि त्यात सुरे-चाकूंसह इजा करू शकणारी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई असते. त्या दिवसांत चाकू शेतातल्या अवजारपेटीतच ठेवावा.

भुसावळहून रेल्वेने दिल्लीकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार स्प्रिंगने, बटणाने किंवा इतर यांत्रिक साधनाने उघडणारे, ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद पात्याचे चाकू परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. ३ इंचांचे पाते त्या लांबीच्या नेमक्या सीमेवर येते. तिथे जाताना हा चाकू घरी ठेवणे हेच योग्य. विमानात तो हातातल्या सामानात नेता येत नाही.

प्रश्न : खिशात तो आपोआप उघडतो का? घरात लहान मुले असतील तर?

स्प्रिंग पात्याला आत दाबून धरत असल्याने चांगला चाकू आपोआप उघडत नाही. किल्ल्यांच्या जुडग्याने फ्लिपर दाबला गेला, तर मात्र स्प्रिंग उरलेले काम स्वतः पुरे करते. साध्या चाकूत जे अर्धवट उघडण्यावर थांबले असते ते इथे पूर्ण होते. म्हणून चाकू खिशाच्या कडेला क्लिपने, टोक वर आणि पाठ खिशाच्या शिवणीकडे ठेवून अडकवावा. काही चाकूंना टोक अडवणारी छोटी सरकती कळ असते. घरात मुले असतील तर अशीच कळ असलेला चाकू घ्यावा आणि ती लावण्याची सवय ठेवावी. तरीही हा चाकू मुलांच्या हाती लागू नये, कारण उघडताना त्याला जितका जोर लागतो तितका लहान बोटांतही असतो, पण बंद करताना स्प्रिंगविरुद्ध जो ताबा लागतो तो नसतो.

प्रश्न : वडिलांच्या हाताची बोटे नीट वळत नाहीत. त्यांच्यासाठी साहाय्यक चाकू योग्य ठरेल का?

ज्यांच्यासाठी ही रचना खरोखर मोलाची आहे त्यांत मी अशा माणसांना पहिले स्थान देतो. संधिवाताने किंवा कडबा कुट्टी यंत्रातल्या अपघाताने ज्यांची बोटे कमकुवत झाली आहेत, त्यांना नखाने पाते ओढून काढायचा साधा चाकू उघडताच येत नाही. यावल तालुक्यातल्या अशाच एका वयस्कर शेतकरीबाबांनी उजव्या हाताची दोन बोटे गमावल्यानंतर माझ्याकडून फ्लिपरचा चाकू घेतला, आणि पुन्हा स्वतः नळ्या कापू लागले.

अशा व्यक्तीला चाकू देताना उघडणे दाखवण्याआधी बंद करणे शिकवावे. आडव्या दांडीचा लॉक त्यांच्यासाठी सर्वांत सोयीचा, कारण दांडी मागे ओढताना कोणतेही बोट पात्यासमोर येत नाही. लायनर लॉक असेल तर पट्टी बाजूला सारल्यावर पाते थोडेसेच आत घ्यावे, मग अंगठा काढून घ्यावा, आणि उरलेला भाग पात्याची पाठ मांडीवर किंवा टेबलावर टेकवून हळूच आत दाबावा. शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगची ओढ उलटते आणि पाते स्वतःच मुठीत जाऊन बसते, त्या क्षणी बोटे मुठीच्या फटीवर नसावीत. हे दुकानात माझ्यासमोर दहा वेळा करून दाखवल्याशिवाय मी चाकू पिशवीत घालत नाही.